मिठाविना बारा दिवस

बाबांना मी शेवटचं पाहिलं ते रुग्णवाहिकेच्या मागच्या काचेतून. एप्रिल २०२१, पुणे, भर दुपार. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय त्यांना दोन हातांपलीकडचं काही दिसायचं नाही. म्हणजे मी हात हलवला तो त्यांना दिसलाच नसणार. नवव्या दिवशी पहाटे फोन आला. हॉस्पिटलने एका पिशवीत मोबाईल, चार्जर आणि टॉवेल परत दिला. चष्मा त्यात नव्हता. स्मशानात आम्हाला फाटकाबाहेरच थांबवलं. आतून पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीची चेन तेवढी दिसली.

घरी कोणी येऊ शकलं नाही. शेजारच्या काकूंनी दाराच्या कडीला डबा अडकवला आणि जिन्यातूनच हात जोडले. त्या दिवसांत आमच्या घरात कोणी मोठ्याने रडलं नाही. आई नाही, मी नाही.

पुढची तीन वर्षं मी कामं उरकत राहिले. बँकेचे कागद, वारसनोंद, स्पॅनिशचे ऑनलाइन वर्ग, भाषांतरं. झोप गेली, भूक गेली, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. गोळ्यांनी मला अंथरुणातून उठवलं, हे मी आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी गोळ्या फेकून देऊ नयेत. समुपदेशनाचाही उपयोग झाला. पण रडू येईना. बाबांचं नाव निघालं की छातीत गच्च आवळल्यासारखं व्हायचं आणि मी लगेच उठून काहीतरी आवरायला घ्यायचे.

२०२३ मध्ये भाषांतराच्या एका कामात पेरूमधल्या शिपिबो लोकांच्या कोरोनाकाळातल्या मुलाखती हाती आल्या. शिपिबो हे उकायाली नदीच्या काठचे आदिवासी. २०२० मध्ये पुकाल्पा शहरात आणि आसपास त्यांची कितीतरी वडीलधारी माणसं गेली. दवाखान्यांत जागा नव्हती, ऑक्सिजन नव्हता. तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी ‘कोमान्दो मातिको’ नावाचा गट उभारला आणि मातिको नावाच्या पाल्याचा काढा आणि वाफारे घेऊन ते आजाऱ्यांकडे जाऊ लागले. त्याने किती जण वाचले हे मी सांगू शकत नाही. पण कोणीतरी आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसत होतं, हे वाचताना मी टायपिंग थांबवून बराच वेळ नुसती बसून राहिले.

त्याच मुलाखतींत आयावास्का होतं, म्हणजे शिपिबोंचे वैद्य रात्रीच्या विधीत पाजतात तो भास घडवणारा काढा. केचुआ भाषेत ‘आया’ म्हणजे मृतात्मा आणि ‘वास्का’ म्हणजे दोर, वेल. हे नाव मला सोडेना.

याची बनावट समजून घेतली तर थक्क व्हायला होतं. एक वेल, बॅनिस्टेरिऑप्सिस कापी, आणि एका झुडपाची पानं, ज्याला तिकडे चाक्रूना म्हणतात. पानांत डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं. ते नुसतं पोटात गेलं तर शरीरातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याचा लगेच निकाल लावतं आणि काहीच होत नाही. वेलीतली हार्मिन, हार्मलिन ही द्रव्यं त्या विकराला काही तास थोपवून धरतात. एवढ्या प्रचंड जंगलात नेमकी ही जोडी लोकांनी कशी शोधली असेल? शिपिबोंना विचारलं तर ते सांगतात, वनस्पतींनीच शिकवलं. तिथल्या बारा दिवसांत हे उत्तर मी बऱ्याच जणांकडून ऐकलं, आणि ते अगदी सहज, काल बाजारात काय भाव होता ते सांगावं तसं सांगितलेलं असायचं.

वेल त्या विकराला थोपवते म्हणूनच नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांशी तिचं वैर आहे. दोन्ही एकत्र आलं तर सेरोटोनिन हे शरीरातलं रसायन भलतंच वाढून जिवावर बेतू शकतं. मी आधी पेरूतल्या इकितोस शहराजवळच्या, आयावास्का देणाऱ्या एका केंद्राशी बोलले होते. त्यांनी आगाऊ पैसे घेतले, गळाभेटीचे फोटो पाठवले, आणि मी कोणती औषधं घेते हे एकदाही विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं तर म्हणाले, दोन दिवस आधी बंद करा. ते पैसे मी सोडून दिले. आजही राग येतो तो पैशांचा नाही. माझ्याजागी डॉक्टरांना न विचारणारं कोणी असतं तर काय झालं असतं, याचा.

दुसरं ठिकाण पुकाल्पाजवळच्या यारिनाकोचा तळ्याच्या काठचं एक शिपिबो घर. औषध देणाऱ्या दोघीही बाया, मायलेकी. त्यांनी पाठवलेल्या कागदावर अर्ध्याहून जास्त प्रश्न औषधांचे होते. रक्तदाब, हृदय, फिट्स, घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे का, हेही. माझ्या डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, “मी तुम्हाला जा म्हणणार नाही. पण जाणारच असाल तर लपवून जाऊ नका.” ब्राझीलमधल्या नाताल शहरात औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २९ रुग्णांवर झालेला अभ्यास त्यांना माहीत होता. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच मात्रा दिली होती आणि आठवड्याने प्लॅसिबोवाल्यांपेक्षा, म्हणजे औषध नसलेला दिखाऊ डोस घेतलेल्यांपेक्षा, आयावास्कावाल्यांचं नैराश्य जास्त उतरलेलं दिसलं. “पण माणसं एकोणतीस,” ते म्हणाले, “आणि सगळं हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर.” जानेवारी २०२४ पासून त्यांनी माझी गोळी हळूहळू उतरवली. पूर्ण बंद झाल्यावर दीड महिना थांबायला लावलं. तो दीड महिना कठीण गेला. दर आठवड्याला त्यांना भेटत होते म्हणून निभावलं.

जुलैमध्ये निघाले. मुंबई, माद्रिद, लिमा, आणि लिमाहून अँडीज ओलांडणारं तासाभराचं विमान. पुकाल्पाला उतरलं की ओल्या मातीचा आणि डिझेलचा वास येतो. यारिनाकोचा हे उकायालीच्या जुन्या वळणातून बनलेलं तळं. नदीने पात्र बदललं आणि तिचा वाक तेवढा मागे राहिला. होड्यांना तिथे ‘पेके-पेके’ म्हणतात, इंजिनाच्या आवाजावरून. मला आमच्या गावच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवलं.

मायलेकींतल्या म्हातारीला सगळे माएस्त्रा, म्हणजे गुरू, म्हणत. उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढी, पायात रबरी चप्पल. तिच्या घागऱ्यावर शिपिबोंची ‘केने’ नावाची नक्षी भरतकामाने काढलेली होती. रेषा एकमेकींना वळसे घालत जातात आणि कुठे सुरू झाली, कुठे संपली ते कळत नाही. तिने माझा हात हातात घेतला, मनगट दाबून पाहिलं आणि लेकीला शिपिबोत काहीतरी म्हणाली. लेकीने स्पॅनिशमध्ये सांगितलं, “आई म्हणते, हिच्या छातीत पाणी साठलंय.” मी माझ्याबद्दल तोवर काहीच बोलले नव्हते. कदाचित तिथे येणाऱ्या प्रत्येकीच्या चेहऱ्यावर हेच लिहिलेलं असेल. पण मला ते लागलं.

ते लोक ‘दिएता’ म्हणतात त्याला आपल्याकडे पथ्य हा नेमका शब्द आहे. मीठ नाही, साखर नाही, तेल, तिखट, कांदा, लसूण नाही. डुकराचं मांस, दारू, शरीरसंबंध नाही. साबणाचा, अत्तराचा वास नाही. आंबवलेलं आणि मुरलेलं मी घरीच दोन आठवडे आधी सोडलं होतं, म्हणजे इडली-डोसा, लोणचं, चीज. तिथे रोज दोन वेळा उकडलेली हिरवी केळी, थोडा भात आणि शाकाहारी नसलेल्यांना विस्तवावर भाजलेला नदीतला मासा. मी मासा खाल्ला. तिसऱ्या दिवशी जिभेला मिठाची इतकी आठवण आली की स्वतःच्या घामाचा वास गोड वाटायला लागला. पाचव्या दिवशी ती ओढ गेली आणि केळ्याला केळ्याची चव यायला लागली. पथ्य का, याचं माएस्त्राचं उत्तर होतं: वनस्पती लाजऱ्या असतात, मिठाचा वास आला की जवळ येत नाहीत.

औषध शिजताना मी दिवसभर चुलीपाशी बसले. वेल मनगटाएवढी जाड होती. आडवी कापली की आत पाकळ्या पाकळ्यांचं फूल दिसतं. तिचे वीतभर तुकडे लाकडी मोगरीने ठेचायचे, तंतू सुटेपर्यंत. मग काळ्या पडलेल्या मोठ्या पातेल्यात एक थर वेलीचा, एक थर पानांचा, वर पाणी. लेक दर थोड्या वेळाने मापाचो ओढायची, म्हणजे तिकडची कडक गावठी तंबाखू, आणि धूर पातेल्यावर फुंकायची. संध्याकाळपर्यंत पाणी आटून, गाळून, पुन्हा आटून जेमतेम दीड-दोन बाटल्या उरल्या. काकवीसारखं दाट, तपकिरी. माझ्या आजीच्या काढ्याच्या भांड्याला जसा कडू-करपट वास असायचा तसा वास माझ्या कपड्यांना रात्रीपर्यंत येत होता.

विधी रात्री, मालोकामध्ये. मालोका म्हणजे झावळ्यांनी शाकारलेलं मोठं गोल छप्पर. आम्ही सहा जण. प्रत्येकाला एक गादी, एक बादली, एक कागदाचा रोल. नऊच्या सुमारास माएस्त्राने छोट्या पेल्यात ओतलं, पेल्यावर हळू आवाजात काहीतरी गुणगुणली आणि मला दिलं. चव आंबट, कडू आणि मातकट, जणू चिंचेच्या कोळात काडेचिराईत उकळलंय. मेणबत्ती विझवली.

पहिल्या रात्री काहीच उलगडलं नाही. मळमळ, घाम, बेडकांचा आवाज कानाच्या आत येतोय असं वाटणं, आणि एकच भीती, मी आईला एकटं सोडून इतक्या लांब का आले. दोनदा उलटी झाली. तिथे उलटीला ‘पुर्गा’ म्हणतात आणि औषधालाही. म्हणजे उलटी ही औषधाची बाधा नव्हे, औषधाचं कामच. सकाळी मी रिकामी आणि निराश होते. लेकीने एवढंच विचारलं, “बादली किती भरली?” मी सांगितलं. तिने समाधानाने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी दुसरा विधी. अर्ध्या-पाऊण तासाने डोळ्यांपुढे रेषा धावायला लागल्या. माएस्त्राच्या घागऱ्यावरच्या रेषा, पण चालत्या. मग गाणं सुरू झालं. त्या गाण्यांना ‘इकारो’ म्हणतात. शिपिबो बायका फार वरच्या पट्टीत गातात, आवाज सुईच्या टोकासारखा बारीक होतो आणि तरी तुटत नाही. ती गात असताना रेषा वळत होत्या आणि ती थांबली की थबकत होत्या. शिपिबो म्हणतात की ही नक्षी गाता येते. त्या रात्री मला ते डोळ्यांनी दिसलं.

आणि मग पांढरं प्लास्टिक दिसलं. ती चेन.

तीन वर्षं मी ते चित्र मनात येऊ दिलं नव्हतं. आलं की उठून भांडी घासायला घ्यायचे. तिथे उठता येईना. पाय जागेवर नव्हतेच. मी डोळे उघडले तरी अंधारात तीच चेन. मला वाटलं, आता माझं डोकं जाणार. मी “आयुदा” म्हणाले, म्हणजे मदत करा. निदान म्हणाले असावे.

माएस्त्रा माझ्यासमोर येऊन बसली. मला तिचा आकार दिसत नव्हता, फक्त तंबाखूचा आणि ओल्या केसांचा वास. तिने माझ्या टाळूवर धूर फुंकला, माझे दोन्ही हात उलटे करून तळव्यांवर फुंकला, आणि गायला लागली, फक्त माझ्यासाठी. किती वेळ ते सांगता येणार नाही. शब्द एकही कळला नाही. पण त्या चालीला एक हेलकावा होता, वर चढून प्रत्येक ओळीच्या शेवटी खाली ओघळणारा, आणि माझ्या पोटात तो ओळखीचा निघाला. लहानपणी मामाच्या गावी कोणी गेलं की बाया अंगणात बसून गेलेल्याचं एकेक सांगत रडायच्या. पाहुणी आली की पुन्हा गळ्यात गळा घालून सुरू. मला तेव्हा भीती वाटायची. आता कळलं की बाबांच्या वेळी माझ्यापासून काय हिरावलं गेलं होतं. माझ्याबरोबर रडायला बसणारी एकही बाई मला मिळाली नव्हती.

चेन उघडली. ती कोणी उघडली हे मला माहीत नाही. आत बाबा घामेजलेले, दमलेले, साधे बाबा होते, शुक्रवारी स्कूटर पुसून आल्यावर असायचे तसे. चष्मा नव्हता, म्हणून डोळे बारीक करून पाहत होते. मी म्हटलं, बाबा, मी इथे आहे, मी हात हलवत होते. आणि मी रडायला लागले. हंबरडा म्हणतात तो. बादलीत डोकं घालून उलटी आणि रडणं एकाच वेळी. माएस्त्रा थांबली नाही. मी जेवढी मोठ्याने रडले तेवढा तिने सूर चढवला, माझं रडणं उचलून धरावं तसा.

पहाटे मी ओल्या उशीवर झोपले होते. पांघरूण घातलेलं होतं.

सकाळी लेकीला मध्ये बसवून माएस्त्राशी बोलले. तिने मला ‘मिहा’ म्हटलं, माझ्या लेकी. बाबा कसे गेले ते मी सांगितलं. ती बराच वेळ तळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली की तिचा भाऊ २०२० मध्ये असाच गेला. तोही औषध देणारा होता. गाणाऱ्यासाठी गायला घरातलं कोणी जवळ जाऊ शकलं नाही. “काल रात्री मी दोघांसाठी गायले,” ती म्हणाली. त्यावर मी काही बोलू शकले नाही. आम्ही दोघी केळी सोलत बसलो.

तिसरा आणि चौथा विधी शांत गेला. निदान माझा. आमच्यातल्या एका तरुणाला तिसऱ्या विधीच्या रात्री भयंकर घबराट झाली. तो अंधारात पळत सुटला, तळ्याच्या बाजूने. मायलेकी आणि घरातला एक मुलगा त्याच्यामागे धावले, त्याला धरून आणलं आणि उजाडेपर्यंत त्याच्याजवळ बसून गात राहिले. त्याच्याभोवती ही माणसं नसती तर? हा प्रश्न मी तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला विचारते. पेरूने २००८ मध्ये आयावास्काच्या पारंपरिक ज्ञानाला आणि वापराला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती या माणसांच्या हातातल्या विद्येला. नुसत्या बाटलीतल्या द्रवाला नव्हे. आपल्याकडे डीएमटीवर अमली पदार्थविरोधी कायद्याने बंदी आहे, आणि कोणी एखाद्या फार्महाऊसवर वीकेंडला असला विधी करतो म्हणून बोलावलं तर जाऊ नका, एवढं मी हात जोडून सांगते. बाईमाणसाने तर तिकडे जातानाही औषध देणारी बाई आहे का, रात्री आजूबाजूला कोण असतं, हे आधी पक्कं करावं. त्या धुंदीत आपण पूर्ण दुसऱ्याच्या हाती असतो, आणि त्याचा गैरफायदा घेणारेही तिकडे आहेत.

बाराव्या दिवशी सकाळी पथ्य सोडवलं. लेकीने बशीत मीठ, चिरलेलं लिंबू आणि कांदा आणला. माएस्त्राने त्यावर गाणं म्हटलं आणि चिमूटभर मीठ माझ्या जिभेवर ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते खारट होतं.

पुण्याला परतल्यावर सगळं सरळ झालं असं नाही. पहिले तीन आठवडे गर्दी, हॉर्न, फोनची रिंग सहन होत नव्हती. ऑगस्टच्या पावसात पुन्हा चार-पाच दिवस अंथरुणातून उठवेना. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं लिहून घेतलं. समुपदेशन अजून चालू आहे, आणि तिथे आता मी रडू शकते.

पण मला सांगायचंय ते परतल्यावरच्या पहिल्या जेवणाचं. आईने ताट वाढायला घेतलं. आधी मीठ, शेजारी लिंबाची फोड, मग चटणी. नेहमीसारखंच. मी त्या मिठाकडे पाहत बसले. आई म्हणाली, “काय झालं गं?” तिला मी तोवर फक्त ‘तिकडे एक उपचार घ्यायला जातेय’ एवढंच सांगितलं होतं. त्या दिवशी सगळं सांगितलं. माएस्त्रा, तिचा भाऊ, चेन. बाबा डोळे बारीक करून पाहत होते तेही.

आईने हातातली पळी खाली ठेवली.

“चष्मा हॉस्पिटलने नाही हरवला,” ती म्हणाली. “त्या दिवशी घाईत इथेच राहिला, देवघराशेजारी. गाडी गेल्यावर मला दिसला. मी द्यायला विसरले गं. तुला कसं सांगू?”

ती आत गेली आणि कपाटातल्या साड्यांच्या घडीतून रुमालात बांधलेला चष्मा घेऊन आली. एका काडीला बाबांनीच गुंडाळलेला काळा दोरा अजून होता. ती स्वयंपाकघरातच खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. मी ताट बाजूला सरकवलं आणि तिच्या गळ्यात गळा घातला.